तुमचे प्रश्न : नेटवरचं देऊळ आणि गावातलं देऊळ

गेल्या दोन महिन्यांत जुन्या वास्तू आणि बांधकाम यांच्याबद्दलचे इतके मेल आलेत की यावेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, नेटवर माहिती ढीगभर सापडते पण त्यातली खरी कुठली ते कळत नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, पाच पत्रं निवडलीत, आणि पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न गावोगावच्या लोकांना पडतोय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव लातूर जिल्ह्यात. गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, देवस्थान समितीनं यात्रेला स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि माहिती जमवायचं काम माझ्याकडं आलंय. गूगल मॅपवर ‘हेमाडपंती मंदिर’ लिहिलंय, एका व्हिडिओत दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणतात, एका ब्लॉगवर पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं आहे आणि दुसऱ्या ब्लॉगवर तोच मजकूर जसाच्या तसा, फक्त गावाचं नाव वेगळं. चॅटबॉटला विचारलं तर त्यानं राजा, सन, पुस्तक सगळं दिलं पण ते पुस्तक कुठंच मिळेना. आता छापू काय?

उत्तर : दादा, तुम्ही ते पुस्तक शोधायला गेलात हेच मोठं काम केलंत, बरेच जण तिथंच थांबून छापून मोकळे होतात. चॅटबॉटनं दिलेलं पुस्तक सापडत नसेल तर त्यानं दिलेला राजा आणि सनही सोडून द्या, कारण ते तिन्ही एकाच ठिकाणाहून आलेत. मीही एकदा अशाच एका ग्रंथाच्या मागं दोन दिवस घालवलेत, तीन लायब्रऱ्यांना फोन केले, तो ग्रंथ कुणी लिहिलेलाच नव्हता.

आता ‘हेमाडपंती’. हा शब्द आपल्याकडं इतका रुळलाय की काळा दगड दिसला, चुना दिसला नाही, की झालं हेमाडपंती. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या पदरी होता, म्हणजे काळ १३व्या शतकाचा उत्तरार्ध. आणि अंबरनाथचं शिवमंदिर बघा, त्यालाही नेटवर सर्रास हेमाडपंती म्हणतात, पण त्या मंदिरातच शिलालेख आहे आणि त्यात शके ९८२ आहे, शिलाहार राजा मम्वाणी याचं नाव आहे. शकात ७८ मिळवा, इसवी सन १०६० आलं. म्हणजे हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधी देऊळ उभं होतं. मग ते त्याचं कसं?

गावकरी पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द वापरत आलेत, जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही गावात जे ऐकलं ते लिहून घेतलं, त्यामुळं शब्द चुकीचा म्हणून खोडून टाका असं मी म्हणणार नाही, ‘गावात याला हेमाडपंती म्हणतात’ असं खुशाल लिहा. पण त्यावरून काळ ठरवू नका. बिनचुन्याचं, दगडावर दगड नीट बसवून केलेलं बांधकाम हेमाडपंताच्या आधीही होत होतं आणि नंतरही.

अंबरनाथ किंवा सिन्नरचं गोंदेश्वर, या देवळांच्या शैलीला अभ्यासक भूमिज म्हणतात. ती ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही, शिखराकडं नुसतं नीट बघायला लागतं. चारी बाजूंना मधोमध पायापासून वरपर्यंत नक्षीचा एक उभा पट्टा चढत गेलेला असतो आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं, एकावर एक, ओळीनं, वर जातील तशी लहान होत गेलेली. गोंदेश्वराला हे फार स्वच्छ दिसतं, तिथं भोवती चार छोटी देवळंसुद्धा आहेत, पंचायतन. तुमच्या देवळाचं शिखर शाबूत असेल तर आधी हे बघा. शिखर पडलेलं असेल आणि वर नंतरच्या काळातलं विटा-चुन्याचं किंवा सिमेंटचं बसवलं असेल तर त्यावरून काही बोलू नका, मग खांब आणि दरवाजाची चौकट याच दोन जागा उरतात.

दोन हजार वर्षांचं म्हणाल तर तेही सोडा. त्या काळातलं आपल्याकडं जे टिकलंय ते डोंगरात कोरलेलं, भाजे, कार्ले, अजिंठ्याची सुरुवातीची लेणी. बांधलेल्या देवळांचं बोलायचं तर तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या उभ्या देवळांत ते धरतात, आणि तेही दोन हजार वर्षांचं नाही.

आता शोधायचं कुठं. इथं तुमच्या भागातल्या लोकांची नेहमी एक गल्लत होते. नेटवर ‘जुनं गॅझेटिअर’, म्हणजे सरकारनं छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, म्हणून जे सापडतं ते बहुतेक वेळा मुंबई इलाख्याचं असतं, १८७७ पासून पुढं छापलेलं, कॅम्पबेल या अधिकाऱ्यानं संपादित केलेलं. फार बारकाईचं काम आहे ते. पण त्यात लातूर नाही, नांदेड नाही, बीड नाही, परभणी नाही, कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. लोक त्यात आठवडाभर शोधतात आणि मग म्हणतात आमच्या देवळाची कुठं नोंदच नाही. तुम्ही हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल बघा, हे खातं १९१४ मध्ये सुरू झालं, गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक, आणि हे अहवाल स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर आलेत, फोटोंसकट. विदर्भातल्या वाचकांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या याद्या बघाव्यात, हेन्री कझिन्सची यादी १८९७ ची आहे. याच कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा मोठा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला, त्यात नकाशे आहेत, मोजमापं आहेत, तोही बघाच. नंतरच्या काळाची गॅझेटिअर्स राज्याच्या दर्शनिका विभागाची, तीही ऑनलाइन आहेत. आणि मराठीतच वाचायचं असेल तर विश्वकोश उघडा, नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, ही लहान गोष्ट नाही.

शोधताना स्पेलिंग बदलून बदलून बघा. जुन्या कागदांत पुणे म्हणजे पूना, वसई म्हणजे बॅसीन, सोलापूर म्हणजे शोलापूर, आणि तुमच्या गावाचं नाव एखाद्या साहेबानं कसं ऐकलं असेल ते मोठ्यानं म्हणून बघितलं की दोन-चार स्पेलिंगं सुचतातच. तालुका बदललेला असतो, जिल्हा तर हमखास बदललेला असतो, लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये, त्याआधी तो भाग उस्मानाबादेत होता, तेव्हा त्या नावाखालीही शोधा.

एवढं करून नाहीच सापडलं तर? देवळात जा. हे मी मनापासून सांगतेय. संध्याकाळी ऊन तिरकं असताना किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, बाजूनं उजेड टाकत चौकट, खांब, पायरी, आवारात पडलेल्या शिळा सगळं बघा. समोरून उजेड टाकला तर कोरलेलं दिसत नाही, बाजूनं टाकला की अक्षरं उठून येतात. अक्षरं कन्नड वळणाची दिसली तर दचकू नका, तुमच्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि त्यांचे बरेचसे लेख कन्नडमध्ये आहेत. देगलूरजवळच्या होट्टलची देवळं त्यांच्याच काळातली, एकदा गाडी काढून बघून या, म्हणजे आपल्या देवळाचे खांब तसे आहेत का हे डोळ्यांनीच कळेल. पण अक्षरं वाचायला म्हणून त्यावर खडू, पीठ, हळद, तेल काहीही लावू नका, आणि कृपा करून समितीला ऑइलपेंट मारू देऊ नका. मी एका गावात गेले होते तिथं चौकटीवर चांदीच्या रंगाचे तीन थर होते आणि खाली अक्षरं असल्याचं नुसतं बोटांना जाणवत होतं, वाचता येईना, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा मैसूरला आहे तिकडं पाठवा, किंवा जवळच्या विद्यापीठात इतिहासाच्या विभागात दाखवा.

आणि स्मरणिकेत छापताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, गावात काय सांगतात, दगडावर काय दिसतं, कागदात काय सापडलं. पांडवांची गोष्ट पहिल्या भागात मानानं छापा, तीही गावाचीच आहे. फक्त ती तिसऱ्या भागात जाऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘जळण्याआधीचा शनिवारवाडा, दुर्मीळ फोटो’ म्हणून एक फोटो आलाय. काका म्हणतात खरा आहे, भाऊ म्हणतो एआयनं केलाय. कसं ओळखायचं? (वाचक, चिंचवड)

उत्तर : भावाचं बरोबर आहे, आणि त्यासाठी फोटो झूम करायचीसुद्धा गरज नाही. शनिवारवाड्याला मोठी आग लागली १८२८ मध्ये. फोटो काढायची पद्धत जगापुढं आली १८३९ मध्ये, तीही पॅरिसला. मग तो फोटो काढला कुणी? काकांना एवढंच सांगा, वाद घालू नका, पटेल त्यांना.

चित्रं मात्र आहेत. पेशव्यांकडं आलेला इंग्रजांचा दूत मॅलेट आणि पेशवे यांच्यातल्या १७९० च्या तहाचा शनिवारवाड्यातला दरबार दाखवणारं थॉमस डॅनिएलचं मोठं तैलचित्र लंडनच्या टेट म्युझियमकडं आहे, त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. पण तेही बघताना लक्षात ठेवा की डॅनिएलनं ते १८०५ च्या सुमारास इंग्लंडात बसून रंगवलं, जेम्स वेल्स या चित्रकारानं पुण्यात काढलेल्या रेखाटनांवरून, आणि वेल्स तोवर वारलाही होता. म्हणजे बघणारा एक आणि रंगवणारा दुसरा. तरी पुण्यात बसून समोर बघून काढलेलं काहीतरी त्याच्या मुळाशी आहे, ग्रुपवरच्या फोटोच्या मुळाशी काहीच नाही.

एआयच्या चित्रांबद्दल माझं निरीक्षण सांगते, त्यांना मराठी वाडा येत नाही. ती राजस्थानातले झरोके आणि घुमट्या लावून ठेवतात. आपल्या वाड्याचा लाकडी खांब सुरूच्या झाडासारखा, खाली थोडा फुगीर आणि वर निमुळता, वर महिरपी कमान, आणि जोडाच्या जागी खाली लोंबणारं केळफूल. पुण्यात विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागासमोर पाच मिनिटं उभे राहा, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघा, की तुमच्या डोळ्याला हे वळण लागेल आणि मग खोटं चित्र लगेच खुपायला लागेल.

प्रश्न : मुलीला शाळेत बीबी का मकबऱ्यावर प्रोजेक्ट आहे. काही ठिकाणी औरंगजेबानं बांधला असं आहे, काही ठिकाणी त्याच्या मुलानं, आझमशहानं. सरकारी माहितीतसुद्धा दोन्ही सापडतं. शिक्षिका म्हणाल्या सरकारी असेल ते लिहा. काय लिहू? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमच्या मुलीला एक वही आणि पेन्सिल घेऊन बसवा आणि वजाबाकी करायला लावा, खरंच, ह्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला काढता येईल.

मकबरा आहे दिलरस बानू बेगमचा, औरंगजेबाची बायको, आझमशहाची आई. ती वारली १६५७ मध्ये. आझमशहाचा जन्म १६५३ चा. आता नेटवर ठिकठिकाणी जे वाक्य फिरतंय ते असं, की आझमशहानं आईच्या स्मरणार्थ १६५१ ते १६६१ या काळात मकबरा बांधला. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा आई जिवंत होती आणि मुलगा जन्मलाही नव्हता, आणि काम संपलं तेव्हा मुलगा फार तर आठ वर्षांचा! एकाच वाक्यात इतकं सगळं चुकलंय तरी ते वर्षानुवर्षं कॉपी होतंय, कारण कॉपी करणारा माणूस वाक्य वाचतो, आकडे वाचत नाही. बांधायचा हुकूम औरंगजेबाचाच असणार हे त्यामुळं जास्त पटतं, आझमशहानं मोठा झाल्यावर दुरुस्ती वगैरे केली असेल म्हणतात, तो गोंधळ तिथून आला असावा.

आणि मुलीला मकबऱ्यावर घेऊन जा, लांब थोडाच आहे तुम्हाला. तिथल्या दरवाजावरच्या लेखात अताउल्ला या वास्तुकाराचं आणि हंसपत राय या कारागिरांच्या प्रमुखाचं, ज्याला आता इंजिनिअर म्हणतात, त्याचं नाव आहे. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. मकबरा ताजसारखा का दिसतो याचं उत्तर प्रोजेक्टमध्ये इथून सुरू करता येईल, ‘गरिबांचा ताज’ वगैरे लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

शिक्षिकांना मी चुकीचं म्हणत नाही. सरकारी पान ही सुरुवात म्हणून चांगलीच जागा आहे, जागेचं क्षेत्रफळ, संरक्षित स्मारक आहे की नाही, वेळा, हे तिथूनच घ्यावं. पण इतिहासाचा परिच्छेद कुणीतरी कधीतरी टाइप केलेला असतो आणि त्याखाली नाव नसतं. इस्लामी वास्तूंसाठी आर्कनेट नावाची साइट आहे, अमेरिकेतल्या एमआयटीनं आणि आगाखान ट्रस्टनं मिळून उभी केलेली, मोफत आहे, मकबऱ्यापासून विजापूरपर्यंत बरंच काही मिळेल, फोटो आणि नकाशेही. युनेस्कोच्या यादीतली वास्तू असेल, म्हणजे अजिंठा, वेरूळ, घारापुरी, सीएसएमटी, मुंबईचा ओव्हलभोवतीचा भाग, किंवा २०२५ मध्ये यादीत गेलेले मराठा काळातले १२ किल्ले, तर त्या वास्तूच्या पानावर ‘डॉक्युमेंट्स’ म्हणून एक भाग असतो. तिथं भारताने पाठवलेला मूळ प्रस्ताव असतो, शेकडो पानांचा, नकाशांसकट, आणि तज्ज्ञांच्या संस्थेनं तो तपासून काय म्हटलं तेही असतं. पर्यटनाच्या साइटी वाचत बसणारे लोक एका क्लिकवर असलेली ही फाइल उघडत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी ग्लासगोला शिकतोय. इथल्या केल्विनग्रोव्ह म्युझियमबद्दल ऐकलं की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते बघून आर्किटेक्टनं वरून उडी मारली. हीच गोष्ट मी लहानपणी आजोबांकडून मुंबईच्या ताज हॉटेलबद्दल ऐकलीय! दोन्ही खरं कसं असेल?

उत्तर : दोन्ही खोटं आहे, आणि तुम्ही अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. एकच गोष्ट दोन शहरांत सापडली की ती गोष्टच फिरतेय असं समजायचं. केल्विनग्रोव्ह उघडलं १९०१ मध्ये आणि त्याच्या दोन आर्किटेक्टपैकी जॉन सिम्प्सन १९३३ पर्यंत जगला, मधल्या काळात त्यानं लंडनचं जुनं वेम्बली स्टेडियम केलं.

ताजचं सांगायचं तर हॉटेल सुरू झालं डिसेंबर १९०३ मध्ये. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुढं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं पुरं केलं. प्रवेश तेव्हा शहराच्या बाजूनं होता आणि आज आपण समुद्राकडून बघतो म्हणून ते उलटं वाटतं. आज हॉटेलसमोर उभं राहून आपण जे बघतो ते गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतंच, त्याची पायाभरणी १९११ मध्ये, उद्घाटन १९२४ मध्ये, आणि त्याच्यासाठी आधी समुद्रात भर घालावी लागली. (याच गेटवेचं ‘बांधकाम वर्ष’ नेटवर कुठं १९११ दिसतं आणि कुठं १९२४, ते यामुळंच, दोन्ही तारखा खऱ्या आहेत पण वेगवेगळ्या कामाच्या. असे दोन आकडे दिसले की आधी विचारा, पायाभरणी का उद्घाटन?)

मला या गोष्टीत खटकतं ते हे, की ‘परदेशी आर्किटेक्टनं उडी मारली’ ही अफवा पोरासोरांना पाठ आहे आणि वैद्य हे नाव मुंबईतल्या मराठी माणसालाही माहीत नाही. आजोबांना फोन कराल तेव्हा त्यांना हे नाव नक्की सांगा.

प्रश्न : मॅडम, हा प्रश्न देवळाबिवळाचा नाही, चालेल ना? रत्नागिरीजवळ घर बांधतोय, खाली जांभ्याचा चिरा आणि वर स्लॅब. मिस्त्री म्हणतो स्लॅबवर सात दिवस पाणी मारलं की बास, यूट्यूबवर एक जण सात म्हणतो, दुसरा एकवीस, तिसरा म्हणतो आता नवीन सिमेंटला चार दिवस पुरे. दोन लाख व्ह्यूज असलेला खरा का?

उत्तर : चालेल म्हणजे काय, हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, देवळाचं साल चुकलं तर स्मरणिका चुकेल, इथं डोक्यावरची स्लॅब आहे. व्ह्यूजवरून काही ठरवू नका.

काँक्रीटसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४५६, सन २००० चं. भारतीय मानक ब्यूरोच्या वेबसाइटवर नाव-नंबर टाकून लॉगइन केलं की मानकं फुकट डाउनलोड होतात, हे पुष्कळ इंजिनिअरांनाही ठाऊक नसतं. त्यात लिहिलंय ते असं. साधं ओपीसी सिमेंट असेल तर काँक्रीट कमीत कमी सात दिवस सतत ओलं ठेवायचं. सिमेंट मिश्र असेल, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं पीपीसी, तर कमीत कमी दहा दिवस, आणि ते चौदापर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. हवा कोरडी आणि कडक उन्हाची असेल तर कुठल्याही सिमेंटला दहाच्या खाली यायचं नाही. म्हणजे मिस्त्री खोटं बोलत नाही, तो ओपीसीच्या काळात शिकलेला आकडा सांगतोय. आज दुकानातून येणारी गोणी बऱ्याचदा पीपीसी असते. सिमेंटच्या खोलीत जा, गोणी उलटी करून बघा, त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. पीपीसी असेल तर चौदा दिवस धरा, आणि ‘मारलं’ म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला असं नाही, मानकात शब्द सतत ओलं असा आहे, म्हणून स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवतात आणि खांबांना गोणपाट गुंडाळून भिजवत ठेवतात. चार दिवसवाल्याला विसरून जा.

व्हिडिओ बघू नका असं मी म्हणत नाही, हात कसा चालतो ते व्हिडिओतच कळतं, थापी कशी धरायची हे मानकात लिहिलेलं नसतं. पण आकडा आला की विचारायचं हा कुठून आला, आणि बोलणारा नाव-गाव-कलम सांगत नसेल तर तो आकडा घ्यायचा नाही. नियमांचंही तसंच, एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते) आणि मोकळ्या जागेवरचे मुंबईचे व्हिडिओ बघून तुम्ही घर आखलंत तर फसाल, मुंबईला विकास नियमावली २०३४ लागू आहे आणि बाकी राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित नियमावली, ती नगरविकास विभागाची आहे, ऑनलाइन मिळते, तुमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत नक्की काय लागतं ते मात्र नगररचना कार्यालयात जाऊन विचारा.

आणि नकाशा ज्यानं काढलाय तो आर्किटेक्ट आहे का? १९७२ च्या कायद्यानं ही पदवी नोंदणी असलेल्यालाच लावता येते, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. सळयांचं डिझाइन मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वेगळं करून घ्या, त्यात पैसे वाचवू नका, कोयनेचा १९६७ चा भूकंप तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवत असेल. भूकंपात घर कसं वागतं यावर आयआयटी कानपूरच्या लोकांनी चित्रांसकट छोट्या छोट्या टिपा लिहिल्यात, फुकट आहेत, त्यातली चिऱ्या-विटांच्या भिंतींवर काँक्रीटचा आडवा पट्टा का हवा ही तेवढी मिस्त्रीला बसवून दाखवा, चित्र बघून त्यालाही पटेल.

स्लॅब टाकायची तारीख ठरली की कळवा, आणि गोणीवर काय लिहिलं होतं तेही.